मयत बॅटरीची राखण

वस्तू मरणं ही सोपी गोष्ट आहे. ती मेली असं ठरवणं मात्र एकट्यादुकट्याचं काम नाही. माणूस मेला तर चार शेजारी जमून ठरवतात. बैल मेला तर गिधाडं ठरवतात, आणि त्यांचं सहसा चुकत नाही. सरकारी वस्तूचं तसं नसतं. तिच्यासाठी खातं लागतं, खात्याला कागद लागतो आणि कागदाला वेळ लागतो. हा वेळ सरकार आपल्या पदरचा घालत नाही. तो ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून घेतला जातो.

एकोणीसशे सव्वीस सालच्या अश्विनात हा वेळ झिलूकडे होता, असं खात्याचं मत पडलं. (खात्याचं नाव सांगण्याची गरज नाही. ज्यांना त्याचा अनुभव आहे त्यांनी ओळखलंच असेल, आणि ज्यांना नाही त्यांनी सुखानं राहावं.)

झाले असे की, पावसाळा सरल्यावर या खात्याचे साहेब सागवान पाहायला कारवारहून मोटारीनं वर आले आणि गुंदच्या सरकारी बंगल्यात तीन दिवस राहिले. अणशीचा घाट चढताना मोटारीला दोन ठिकाणी बैल जोडावे लागले. रिपोटात मात्र ‘मोटारीने प्रवास’ असंच आहे. साहेबांना वाघ पाहायचा होता. म्हणून दोन दिवस तिन्हीसांजेपासून मोटारीचे दिवे रानाकडे तोंड करून लावून ठेवण्यात आले. वाघानं दिवे पाहिले असावेत. साहेबांनी वाघ पाहिला नाही, आणि तिसऱ्या दिवशी मोटारीची बॅटरी गप्प झाली.

डायवरनं हँडल मारून मोटार चालू केली आणि बॅटरी काढून बंगल्याच्या ओसरीवर ठेवली. लाकडाची चौकोनी पेटी, आत तीन भांडी, भांड्यांत शिशाच्या पट्ट्या आणि तेजाब. भाताच्या अर्ध्या पोत्याइतकी जड. डायवरनं जाता जाता सांगितलं की हिला दोन वाटा आहेत. बेळगावला पाठवून जुनं तेजाब ओतून टाकायचं, पट्ट्या धुवायच्या, नवं तेजाब भरून तीन दिवस वीज पाजायची, म्हणजे कदाचित जिवंत होईल. नाहीतर फोडायची आणि शिसं वितळवून घ्यायचं. साहेब आपल्या कारकुनाला, यशवंतरावांना, ‘काय ते ठरवा आणि कळवा’ म्हणाले आणि घाट उतरून गेले.

यशवंतराव अनुभवी होते. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही गोष्ट ठरवलेली नव्हती, आणि त्यामुळेच त्यांच्या हातून एकही चूक झालेली नव्हती. त्यांनी तिथल्या तिथं हुकूम लिहिला: ‘सदर बॅटरी जिवंत करावी अगर वितळवावी याचा निर्णय होईपर्यंत जबाबदार इसमाने तिची अहोरात्र राखण करावी.’ मग जबाबदार इसम शोधण्यासाठी त्यांनी मान वर केली. त्या दिवशी गावातल्या झिलूची वेठबिगारीची पाळी होती. तो लाकडांची मोळी टाकून घाम पुसत समोरच उभा होता.

झिलूचं शेत गुंदच्या वरच्या अंगाला होतं. उतरणीवर एकाखाली एक अशी पाच खाचरं. भात निसवून दाण्यात दूध भरत होतं, आणि कापणीला अजून दीड महिना होता. हा दीड महिना म्हणजे रानडुकरांचा दिवाळसण. शेत दोन तोंडांचं, एक तोंड रानाकडे आणि एक ओढ्याकडे. त्यामुळे राखणीला दोन माणसं लागत, एका माळ्यावर, म्हणजे मचाणावर, झिलू आणि दुसऱ्यावर त्याची बायको केसर. वर्षभराचं खाणं त्या पाच खाचरांत उभं होतं. हे सगळं झिलूनं यशवंतरावांना हात जोडून सांगितलं. यशवंतरावांनीही ते सहानुभूतीनं ऐकलं आणि म्हणाले की दोनचार दिवसांचा तर प्रश्न आहे. (खात्यात ‘दोनचार दिवस’ हे मोजमाप आहे. त्याचा सूर्याच्या उगवण्या-मावळण्याशी संबंध नसतो.)

अशा रीतीनं झिलू ओसरीवर बसला. सुरुवातीला त्याला हे काम समजेना. गुरं राखावी तर ती भटकतात, शेत राखावं तर कुणीतरी खायला येतं. ही पेटी जात कुठं नव्हती आणि तिला खाणारं जनावर अजून जन्माला यायचं होतं. दोन दिवसांनी त्यानं विचार करणं सोडलं आणि त्याची राखण सुधारली.

दरम्यान निर्णयाचं काम झपाट्यानं सुरू झालं. यशवंतरावांनी प्रथम विचारात घेण्याचे मुद्दे काढले. ते अकरा निघाले. त्यांतले पाच विशेष बिकट होते. बॅटरी खरोखर मेली आहे काय, की नुसती रुसली आहे. मेली असल्यास केव्हापासून. जिवंत केल्यास ती पूर्वीचीच समजावी की नवी. वितळवल्यास शिसं हे सरकारी शिसं राहील की नुसतं शिसं. आणि जिवंत होऊन पुन्हा मेल्यास पहिल्या मरणाच्या कागदांचं काय करावं. मुद्दे इंग्रजीत होते, त्यांवरचे शेरे कानडीत आणि शेरे लिहिताना निघालेले उद्गार मराठीत.

पहिल्या मुद्द्यासाठी गावचा पोलीस पाटील लखू गावकर याच्याकडे विचारणा गेली, कारण मेल्याची नोंद ठेवण्याचा अधिकार त्याचा. लखूनं जन्ममृत्यूचं पुस्तक काढलं आणि न्हाऊन, टोपी घालून ओसरीवर आला. नाव, बॅटरी. बापाचं नाव, या रकान्यापाशी तो थोडा थांबला आणि मग ‘खातं’ असं लिहिलं. जात, परमुलखी. वय, डायवरच्या बोलण्यावरून तीन. मरणाच्या कारणासाठी पुस्तकात ताप, पटकी, देवी, हगवण, सर्पदंश आणि श्वापद एवढीच सोय होती. वाघापायी झालं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. लखूनं ‘श्वापद’ लिहिलं. या नोंदीमुळे त्या सालच्या सरकारी आकड्यांत गुंद गावी वाघानं घेतलेल्या बळींची संख्या शून्यावरून एकावर गेली, आणि पुढं बरीच वर्षं बाहेरचे पाहुणे तिथं जपून वागत.

दुसऱ्या बाजूनं बेळगावचा मोटारदुरुस्तीवाला मारुती याचं पत्र आलं. त्यानं लिहिलं होतं की पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, पण बहुतेक जिवंत होईल. म्हणजे आता एक सरकारी नोंद ती मेली म्हणत होती आणि एक खाजगी पत्र ती मेली नसावी म्हणत होतं. अशा वेळी वरिष्ठांना विचारायचं असतं. साहेब जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गेलेले. तेव्हा त्यांच्याहून वरिष्ठ असा जो जवळपास होता त्याला, म्हणजे गावदेवाला, कौल लावायचं ठरलं.

गावची रीत अशी की काही अडलं की देवाला विचारायचं. गुरव धाकलू देवाच्या पाषाणाला दोन खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न सांगतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बैल घ्यावा काय, सोयरीक करावी काय, रेडकू वाचेल काय, असल्या प्रश्नांना देव वर्षानुवर्षं चोख उत्तरं देत आला होता. पण या वेळी प्रश्न सरकारी होता. कसूर राहू नये म्हणून यशवंतरावांनी तो स्वतः लिहून आणला आणि देवळात उभं राहून खणखणीत वाचला: ‘सदर बॅटरी जिवंत करावी अथवा वितळवावी काय?’

देवानं बराच वेळ घेतला. झिलू डोळे मिटून, ‘काय बी कर, पन आज कर,’ एवढंच मनात म्हणत होता. अखेर उजवी पाकळी पडली. सगळ्यांनी हात जोडले, नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. देवळाच्या पायऱ्या उतरताना झिलूनं खोबरं चावता चावता विचारलं, ‘देव व्हय म्हनला. पन कशाला व्हय म्हनला?’

सगळे थांबले. धाकलू गुरवानं स्पष्ट सांगितलं की एकाच कामाला एका सालात दोनदा कौल लागत नाही, देव काही कुणाचा नोकर नाही. यशवंतरावांनी उभ्याउभ्या कागदावर नोंद केली: ‘देवस्थानचे मत: अनुकूल.’ बावीस वर्षांत त्यांना इतकं आपल्या पद्धतीचं उत्तर कुणी दिलं नव्हतं. त्या दिवसापासून ते देवाला मानू लागले.

यात अठरा दिवस गेले. एवढ्यात डुकरांनी खालची दोन खाचरं संपवली होती. केसर एकटीच माळ्यावर बसून डबा बडवायची. ती रानाच्या तोंडाला असली की डुकरं ओढ्याच्या तोंडानं येत, आणि ती ओढ्याकडे धावली की रानाकडून. डुकरांना मुद्दे काढावे लागत नव्हते. एके दिवशी ती पेजेचं मडकं घेऊन बंगल्यावर आली. आवाज बसलेला, हात डबा बडवून सुजलेले. पेज तिनं नवऱ्यापुढं ठेवली आणि बॅटरीकडे बराच वेळ पाहिलं.

‘त्या पेटीला पाय हाईत काय?’

‘न्हाईत,’ झिलू म्हणाला.

‘डुकरांस्नी हाईत. अवो, तिला उचला आन् शेतात घिऊन या. थितं बसून दोनीबी राखा.’

झिलूनं मडकं खाली ठेवलं. तो भित्रा माणूस होता, आणि सरकारच्या बाबतीत भित्रं असणं म्हणजेच शहाणं असणं हे त्याला बापानं शिकवलं होतं. पण हुकूम त्यानं इतक्यांदा वाचून घेतला होता की तो त्याला पाठ होता. त्यात राखण होती, अहोरात्र होती, जबाबदार इसम होता. ओसरी कुठंच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर बॅटरी, आणि चढण चढून ती ओढ्याकडच्या माळ्यावर नेऊन ठेवली. वरून घोंगडी घातली, कारण दव पडत होतं आणि वस्तू सरकारी होती.

पुढचे आठ दिवस झिलूच्या आयुष्यातले सोन्याचे होते. ओढ्याकडे तो, रानाकडे केसर. तो आरोळ्या ठोकी, पेटतं लाकूड फिरवी, गोफण मारी. एकही डुक्कर बांध ओलांडून आत आलं नाही. वरची तीन खाचरं तशीच उभी राहिली आणि दाणा पिवळा पडायला लागला. केसर रानाच्या तोंडावरून हाक मारून विचारी, ‘हाय काय?’ आणि झिलू ओरडून सांगे, ‘हाय!’ हे भाताबद्दल की नवऱ्याबद्दल की बॅटरीबद्दल, ते दोघांनी कधी ठरवलं नाही. त्यांना बरं वाटत होतं.

नवव्या दिवशी यशवंतराव तपासणीला आले. ओसरी रिकामी पाहून ते तसेच गावाकडे वळले. गावात विचारत विचारत ते वर पोचले, तो बॅटरी घोंगडी पांघरून माळ्यावर आणि झिलू शेजारी उभा.

‘कुणाच्या हुकमानं आणलीस?’

‘तुमच्याच, रावसाब. राखायची लिवलंय. कुठं, ते लिवलेलं न्हाई.’

यशवंतरावांनी खिशातून हुकमाची नक्कल काढली, दोनदा वाचली आणि बांधावर बसले. झिलूला शिक्षा करावी तर हुकमातली उणीव वर कळते. ती उणीव कुणाची, हे सही सांगत होती. तेव्हा बॅटरी शेतात का आहे, याला एखादं प्रतिष्ठित कारण पाहिजे होतं. त्यांनी उभ्या भाताकडे पाहिलं, खालच्या खणलेल्या खाचरांकडे पाहिलं आणि तिथंच मांडीवर कागद ठेवून लिहिलं: ‘निकामी बॅटरी शेतात ठेवली असता उपद्रवी श्वापदांवर काय परिणाम होतो हे आजमावण्यासाठी ती प्रयोगार्थ हलवण्यात आली. बॅटरी आल्यापासून डुकरांचा उपद्रव पूर्ण बंद.’

यात एक शब्दही खोटा नव्हता, हे त्या कागदाचं मोठेपण.

साहेबांना हा रिपोट एवढा आवडला की उत्तर पाचव्या दिवशी आलं. वाघ दिसला नाही याची त्यांना खंत होतीच. ती आता डुकरांवर निघाली. त्यांनी लिहिलं की प्रयोग एका शेतावर थांबवू नये. बॅटरी दिग्गीला आणि मग अणशीला न्यावी, प्रत्येक ठिकाणी आठवडाभर ठेवावी आणि आकडे पाठवावेत. राखणदार अर्थातच तिच्याबरोबर जाईल.

झिलूनं पुन्हा हात जोडले. कापणीला पंधरा दिवस उरले होते. यशवंतराव या खेपेला खरोखरच हळहळले. त्यांनी सांगितलं की माझ्या हातात असतं तर मी तुला सोडलं असतं. पण तुझ्या शेतातच हे सिद्ध झालं, यात तुझा मान आहे, हे विसरू नकोस.  केसरनं चुंबळ नीट वळून नवऱ्याच्या डोक्यावर ठेवली आणि डबा घेऊन माळ्याकडे गेली.

दिग्गीची वाट दीड दिवसाची, रानातून. झिलू बॅटरी डोक्यावर घेऊन गेला. ज्या शेतात ती ठेवली तिथं तोही बसला, सवयीनं ओरडला, लाकडं पेटवली, गोफण मारली. दिग्गीत सात दिवस डुक्कर फिरकलं नाही. अणशीत सात दिवस फिरकलं नाही. दिग्गीच्या बायांनी बॅटरीला हळदकुंकू लावलं, अणशीत एकानं कोंबडा कापला. झिलूला दोन्हीकडं पेज मिळाली. माळ्यावर बसला की त्याला डोळ्यांपुढं आपलं शेत दिसे, आणि मग तो इतक्या जोरानं ओरडे की अणशीवाले म्हणत, बॅटरी काय जागृत आहे बघा.

शास्त्रीय प्रयोगाला तुलना लागते. ज्या शेतात बॅटरी नाही तिथं काय होतं, हेही दाखवावं लागतं. यासाठी दूर कशाला जायचं म्हणून यशवंतरावांनी खुद्द झिलूचंच शेत घेतलं. झिलू परत आला तेव्हा तक्ता तयार होता. बॅटरी असलेली शेतं: गुंद, आठ दिवस, नुकसान शून्य, दिग्गी, सात दिवस, शून्य, अणशी, सात दिवस, शून्य. बॅटरी नसलेलं शेत: गुंद, चौदा दिवस, खाचरं तीन, नुकसान तीन. ‘राखणदार’ असा रकाना तक्त्यात नव्हता. तक्ता ज्या चौकटीवर उभा असतो तिला रकाना नसतो, तशी ही गोष्ट होती.

झिलू आधी शेतात गेला होता. उकरलेली माती, तुडवलेली भाताची ताटं, आणि बांधावर केसर बसलेली. डबा शेजारी उपडा पडलेला. तिला रडू आलेलं नव्हतं. ते त्याला आलं. ती एवढंच म्हणाली की मी दोनीकडं पळाले, पन मी येकटी हाय. मग त्याला बंगल्यावर बोलावणं आलं. तक्ता खरा आहे असं लिहून खाली त्याचा अंगठा पाहिजे होता, कारण तुलनेचं शेत त्याच्या नावावर होतं. त्यानं विचारलं की काय लिवलंय. यशवंतरावांनी वाचून दाखवलं. सगळं खरं होतं. झिलूनं अंगठा दिला.

प्रयोगाचा निष्कर्ष वरच्या वर्तुळात गाजला. मेलेली बॅटरी एवढं काम करते, तर जिवंत केल्यावर ती काय करील, असा बिनतोड विचार साहेबांनी मांडला, आणि ज्या प्रश्नावर देवसुद्धा मोघम बोलला होता तो एका दिवसात सुटला. बॅटरी गाडीनं लोंढ्याला आणि तिथून रेल्वेनं बेळगावला गेली. मारुतीनं तेजाब बदललं, वीज पाजली आणि तार जोडून ठिणगी काढून दाखवली. माघात ती वाजतगाजत परत आली. लखू पाटलानं पुस्तक उघडून जन्माच्या पानावर नोंद घेतली.

आता ती जिवंत असल्यानं राखणदाराची गरज उरली नव्हती. झिलूला लेखी मोकळं करण्यात आलं. लखूच्या उन्हाळी भातात, मधोमध, दगडी चौथऱ्यावर बॅटरी एकटी बसवण्यात आली. तिसऱ्या दिवशी भात नव्हतं आणि बॅटरी चौथऱ्याखाली आडवी पडली होती. सांडलेल्या तेजाबानं चौथऱ्याभोवतीचं हातभर गवत जळून गेलं होतं. खात्यानं यावर गंभीर विचार केला आणि बॅटरी जिवंत केल्यानं तिची कार्यक्षमता पार खालावते, असा शेरा मारला. ती पुन्हा मारावी अगर वितळवावी, यावर नवे मुद्दे निघाले. ते चौदा होते.

ही हकीकत आजवर सदतीस जणांना सांगून झाली आहे. त्यांत मास्तर होते, वकील होते, एक पेन्शनीत गेलेले कारकूनही होते. सगळे पोट धरून हसले, आणि शेवटी सदतीसच्या सदतीस जणांनी एकच विचारलं: मग बॅटरीचं पुढं काय झालं? जिवंत केली की वितळवली? त्या साली पावसाळ्यापर्यंत झिलू आणि केसर काय खाऊन राहिले, हे एकानंही विचारलं नाही. बॅटरीचं सांगायचं तर तिचे कागद अजून पूर्ण व्हायचे आहेत. तुमचाही प्रश्न तोच असणार असं धरून तुमचं नाव अडतिसावं घालून ठेवलं आहे. खाली अंगठा तेवढा द्यावा.